उचललेला दगड

"मला दोन आठवडे कामाला ठेवता का?"

सोरखाने विचारलं आणि हळूच मागे पाहिलं. पुलाच्या कठड्यावर बसलेल्या तिच्या वर्गमैत्रिणी ग्रॉन्या आणि क्लीना तोंडावर हात दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. हिने खरंच विचारलं तर चिप्स त्यांच्याकडून.

आयर्लंडमधल्या फेथर्ड गावाच्या जुन्या तटातला एक तुकडा ढासळला होता. त्याच्यासमोर डोनी टोबिन नावाचा म्हातारा गवंडी चुना कालवत होता. त्याने मान वर केली नाही.

"त्या दोघी का हसतायत?"

"त्यांनी चिप्सची पैज लावून पाठवलंय मला."

"आणि तुला स्वतःला यायचंय?"

शाळेचा फॉर्म सोरखाच्या खिशात होता. मार्चमध्ये दोन आठवडे शाळेऐवजी कुठेतरी काम करायचं, असं त्यांच्या सगळ्या वर्गालाच होतं. जागेचं नाव उद्यापर्यंत भरायचं होतं. आईने दातांच्या डॉक्टरांकडे शब्द टाकून ठेवला होता. तिथे टेबलामागे बसायचं, फोन घ्यायचे, गोड बोलायचं.

"तुम्हाला विचारेपर्यंत नव्हतं यायचं," ती म्हणाली. "आता यायचंय."

"कुठली तू?"

"डंगार्वनची."

"म्हणजे वॉटरफर्डवाली. हातात आलेली हर्लिंगच्या खेळाची फायनल घालवता तुम्ही लोक, दगड काय धरणार?"

"म्हणूनच इथे तुमच्या टिपररीत शिकायला आले."

टोबिनने आता तिच्याकडे पाहिलं. मग आपले जादा हातमोजे तिच्याकडे फेकले.

"त्या ढिगातला एक उचल. या खाचेत बसव. नियम एकच. उचललेला दगड परत ढिगात टाकायचा नाही, त्याची जागा शोधायची. बसला तर ये कामाला. नाही बसला तर चिप्स खा."

सोरखाने ढिगातला सगळ्यात देखणा दगड उचलला. लांबट, एका अंगाने सपाट, कुणी घासून ठेवल्यासारखा. छातीशी कवटाळून ती आली आणि सपाट बाजू बाहेर करून तो खाचेला लावला. चांगला वीतभर मोठा निघाला. तिने तो उलटा करून पाहिला. तरी तेच.

"अगं, टाक ना तो, दुसरा घे," ग्रॉन्या म्हणाली. "बघत कुठे आहेत ते?"

टोबिन खरंच पाठ करून उभा होता.

पलीकडे शाळेच्या सहलीच्या बसपाशी त्यांच्या बाई, मिस फीलननी शिट्टी वाजवली आणि हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं.

दगड आता सोरखाला पेलवेना. तिने एक पाय तटाच्या पायथ्याला लावला, मांडीवर दगड टेकवला आणि खाचेत डोकं घातलं. खाच रुंद नव्हतीच. खोल होती. दगडाची लांबी भिंतीला बाहेर मिरवायला नको होती, आत हवी होती.

तिने दगड फिरवून टोकाकडून आत सारला. घासत, कुरकुरत तो गेला. ती सपाट, सुंदर बाजू शेजारच्या दगडाला टेकली आणि दिसेनाशी झाली. बाहेर उरलं मुठीएवढं खडबडीत टोक.

"एवढी मरमर केलीस," क्लीना जवळ येऊन म्हणाली, "आणि दिसतंय काय, तर बटाटा."

टोबिनने त्या बटाट्यावर हातोडीच्या दांड्याचे दोन ठोके दिले. दगड हलला नाही. त्याने पुढे हात केला. सोरखाने फॉर्म दिला. त्याने तो गुडघ्यावर ठेवून सही केली. कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला.

"शाळेचं विम्याचं पत्र आण. सकाळी आठला. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तर चुना धरत नाही, त्या दिवशी तू चहा करायचा."

"आणि तुम्ही?"

"मी प्यायचा."

बसच्या पायरीवर उभं राहूनच सोरखाने घरी फोन लावला. आई-बाबा दोघंही गाडीत होते, फोन स्पीकरवर होता.

"मी फेथर्डला एका गवंड्याकडे काम करणार आहे," ती म्हणाली. "जवळच क्लॉनमेलला नोरा मावशीकडे राहीन. ती रोज इकडूनच कामाला जाते, मला सोडेल."

"कुठली पैज हरलीस?" बाबांनी विचारलं.

"जिंकले."

"आणि मी डॉक्टरांना काय तोंड दाखवू?" आई म्हणाली. "चारदा सांगितलंय त्यांना, आमची सोरखा येईल म्हणून. आता काय सांगू मी?"

"तू काहीच नको सांगूस, आई. नंबर दे. मी सांगते."