पांढऱ्या कोटाचं बटण

बटण आजही लागलं नाही.

तिनं पोट आत ओढलं, श्वास कोंडला, दोन्ही हातांनी कोट पुढे खेचला. काही केल्या बटण काजापर्यंत पोचेना. बेकरीतला कामाचा पांढरा कोट, तिच्या शिंपी दादानंच शिवलेला. आज दवाखान्यात तपासणी होती. दादाला किडनी द्यायची तर आधी वजन उतरवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, आणि हा मेला कोट महिनोन्महिने जिथल्या तिथे! ती पलंगावर बसली आणि उशीत तोंड खुपसून रडली. बाहेरच्या खोलीत दादाचं शिलाई मशीन चालू होतं. त्याला ऐकू जायला नको होतं.

डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीतच सगळं नीट समजावून सांगितलं होतं. "दोन्ही वेळा जेवायचं. भाजी जास्त, तळलेलं आणि गोड कमी. रोज तासभर भरभर चालायचं. उपाशी राहून उतरवलेलं वजन मला नको, ते दुप्पट होऊन परत येतं. तुम्हाला पुढे जन्मभर एका किडनीवर राहायचंय. दादांचं डायलिसिस चालू आहे, आपल्याकडे वेळ आहे. आणि सारखं काट्यावर चढू नका, डोकं फिरेल. एखादा कपडा ठरवा, तोच सांगेल."

बाकीच्या कपड्यांना नाड्या आणि इलॅस्टिक, त्यांचं काय खरं? म्हणून तिनं कोट ठरवला.

सुरुवातीला तो सैल झालाही. "बघ दादा, तुझी ढब्बी बारीक झाली!" म्हणत तिनं त्याच्यासमोर गिरकी घेतली होती. दादा हसला. कोट त्यानं हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. घरी बसून निदान तुझ्या कोटाला इस्त्री तरी करत जाईन, म्हणाला.

मग कोटानं दगा दिला. ती तशीच जेवत होती, तशीच चालत होती, आणि कोट पुन्हा घट्ट. डायलिसिसहून आलेला दादा भिंतीला धरून खोलीत शिरायचा, तेव्हा तिचा जीव तुटायचा. आपल्याकडे वेळ आहे म्हणे! तिनं रात्रीचं जेवण सोडलं. दादानं विचारलं की सांगायची, बेकरीत जेवून आले. पुढे दुपारचंही सोडलं. बेकरीत सांगायची, घरून जेवून आले. गरम पावांचे ट्रे उचलताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा तर तिनं पावाचा तुकडा तोंडात घातला आणि मागच्या दारी जाऊन थुंकून टाकला. एवढं करूनही बटण लागत नव्हतं ते नव्हतंच.

दवाखान्यात नर्सनं कोट काढायला लावला. ती डोळे मिटून काट्यावर चढली. नर्सनं आकडा पाहिला, जुना कागद पाहिला आणि तिला उतरवून पुन्हा चढवलं.

"हे काय करून घेतलंत तुम्ही?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उतरलं नाही ना? बाई, आणखी एक महिना द्या मला. पाया पडते."

"नको तितकं उतरलंय! मी सांगितलं होतं त्याच्याही खूप खाली. अंगात रक्त म्हणून राहिलं नाही. असल्या बाईला मी सुरी लावणार नाही."

"मग माझा दादा?"

तिला काही कळेनासं झालं. उतरलं, तर मग कोट? तिनं खुर्चीवरचा कोट उचलला आणि शिंप्याच्या घरातली असूनही इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तो आतून पाहिला.

दोन्ही बाजूंच्या शिवणींना टिपांवर टिपा घातल्या होत्या. दर टिपेला कापड थोडं थोडं आत घेतलेलं. सगळ्यात जुन्या टिपेचा दोरा धुऊन धुऊन मळकट झाला होता, शेवटचा कोरा पांढरा होता. बारीक, एकसारखी टीप. तो हात ओळखायला तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

घरी येऊन तिनं उलटा कोट मशीनवर फेकला. मशीन थांबलं.

दादानं मान खाली घातली. "वाटलं, कंटाळशील. एवढा घाम गाळून काही होत नाही म्हटल्यावर सोडून देशील. तुझं पोट फाडून मला नाही जगायचं गं, ढबे. म्हटलं, खाऊनपिऊन सुखात राहील पोरगी."

"खाऊनपिऊन?" तिला हसू फुटलं, तेही रडण्यासारखंच. "दादा, बेकरीत मी जेवतच नव्हते रे."

दादानं वर पाहिलं. तिची मनगटं पाहिली, गळ्याची हाडं पाहिली. रोज समोर असलेली बहीण त्याला आत्ता दिसली. त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

तिनं त्याला रडू दिलं. मग कात्री त्याच्या हातात दिली.

"उसव."

तो एकेक टीप उसवत बसला. ती आत गेली, दोन ताटं वाढून घेऊन आली आणि त्याच्यासमोर बसून सावकाश जेवली. पहिल्या घासाला पोटात कळ आली. तरी तिनं ताट संपवलं. मग कोट अंगात घातला आणि सगळी बटणं लावली. आत आणखी एक माणूस मावला असता.

"थोडं वाढेल आता वजन," ती म्हणाली. "वाढू दे. मग नीट खाऊन, चालून, हवं तिथं आणू. लागू दे लागायचा तेवढा वेळ."

"मला नको गं तुझी किडनी," दादा म्हणाला.

"मी रोज दोन्ही वेळा जेवेन, तुझी शपथ," ती म्हणाली. "पण माझ्या ताटावर लक्ष ठेवायला तू जिवंत हवास."