सिक्स्टेनचे कुलूप

पडद्यावर धूर होता, आणि धुरात एक लाल कुलूप.

हिलेवीने यंत्र थांबवले. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणाऱ्या त्या अग्निशमन यंत्राला दलातले सगळे मावशी म्हणत. मावशी जळत्या कारखान्यात होती. हिलेवी रस्त्यापलीकडे गाडीत, मांडीवर नियंत्रणाची पेटी घेऊन.

"थांबलीस का?" दलप्रमुख आर्विदने खिडकीतून विचारले. "सिलेंडर दाखव."

"आधी हे बघ."

कुलूप वेल्डिंगच्या पिंजऱ्याच्या दाराला होते. आतला यंत्रहात दुरुस्त करायला जाणारा माणूस दार उघडे ठेवून त्याच्या खिट्टीला आपले कुलूप घालतो. ते असेपर्यंत यंत्र सुरूच होत नाही. किल्ली त्याच्याच खिशात, आणि दुसऱ्याच्या कुलपाला कोणी हात लावायचा नाही.

आर्विदने कारखान्याच्या फोरमनला बोलावले. इंग्वे धापा टाकत आला, पडदा पाहून चक्क हसला.

"सिक्स्टेनचं आहे. वेंधळा! कायम विसरतो. मागे तर कुलूप तसंच ठेवून गेला, बोटीवरून परत बोलावला त्याला, तोवर आम्ही सगळे हातावर हात ठेवून बसलेलो. आज डेंटिस्टकडे जायचं म्हणत होता. गेला असेल. गाडीही नाहीये त्याची."

"गेला असेल, की गेला?" हिलेवीने विचारले.

"फोन उचलत नाहीये. पण तोंडात ड्रिल असताना कोण उचलणार?"

पिंजऱ्याला लागूनच असिटिलिन गॅसचा सिलेंडर तापत होता. तो फुटला असता तर भिंतीही उरल्या नसत्या. म्हणून माणसांना आत जायला बंदी होती. समोरच्या टेकाडावर पोलिसांचा नेमबाज नेम धरून पालथा पडला होता. माल ने-आण करायच्या उघड्या दारातून सिलेंडरला गोळीने भोक पाडायचे आणि गॅस जळून जाऊ द्यायचा, असे ठरले होते. स्फोट टळला असता. पण ती ज्वाळा पिंजऱ्यात कोणालाही जिवंत सोडणार नव्हती.

"मला गोळीचा हुकूम द्यायलाच हवा, हिलेवी."

"कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. नियम त्यांचाच ना?"

"आणि तो वेंधळा आहे, हेही त्यांचंच म्हणणं."

"तो नसेल तर मावशी जळेल. जळू दे. आपण लोखंड गमावू."

आर्विदने टेकाडाकडे पाहिले. मग वायरलेस तोंडाशी धरला. "गोळी थांबव. मी सांगेपर्यंत नाही."

मावशीला पाण्याची तोफ एकच होती. हिलेवीने सिलेंडर भिजवला, मग तोफ वळवून पिंजऱ्याच्या वाटेवरची आग मागे रेटली. आता सिलेंडरवर पाणी नव्हते. तिचा अंगठा कळीवर घट्ट दाबलेला होता. मावशी दारातून आत शिरली. उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यात सगळे करडे दिसत होते. यंत्रहाताच्या पायथ्याशी मात्र एक पांढरट गठ्ठा होता.

गठ्ठ्याने हात वर केला.

इंग्वे खिडकीची कड धरून उभा राहिला. "कानावर मफ असतात त्याच्या," तो पुटपुटला. "भोंगा ऐकूच आला नसेल."

"सिक्स्टेन!" हिलेवीचा आवाज मावशीच्या कर्ण्यातून गेला. "कानावरचं काढ. शाब्बास. हिच्या मागे दांडी आहे, ती धर आणि वाकून चालत राहा. काही झालं तरी सोडू नकोस."

पडद्यावर तो दिसेनासा झाला. मग मावशी किंचित जड झाली, एका बाजूला ओढली गेली. हिलेवीने हळूच वाट धरली. पुढे पाण्याचा फवारा, मागे माणूस.

धुराच्या भिंतीतून आधी तोफ बाहेर आली, मग करपलेला रंग, मग काजळीने माखलेला, कामाच्या टोपीऐवजी सायकलचे शिरस्त्राण घातलेला सिक्स्टेन.

"सायकल!" इंग्वे ओरडला. "गाढवा, सायकलवर आलास होय आज!" आणि तो रडायलाच लागला.

जवान ढाली घेऊन धावले. त्यांनी सिक्स्टेनला दोन्ही बाजूंनी धरले, पण त्याची बोटे दांडीवरून सुटेनात. सोडू नकोस, असे त्याला सांगितलेले होते.

"सोड आता," कर्ण्यातून हिलेवी म्हणाली. "तिला परत जायचंय. तुम्ही लांब पोचेपर्यंत सिलेंडर भिजवायचाय."

एकेक बोट सुटले. मावशीने जागच्या जागी गिरकी घेतली, तोफ उंचावली आणि सिलेंडरच्या दिशेने पुन्हा धुरात शिरली.