मुंगीची अंगठी

"अंगठी! अजून एक अंगठी!" उत्खननाच्या खड्ड्यातली विद्यार्थिनी ओरडली, तसा विल्फ म्हातारा गमबूट आपटत धावला.

डीन जागचा हलला नाही. सकाळी ती अंगठी तिथे त्यानेच दाबून ठेवली होती.

पहिली रोमन अंगठी त्याला मेटल डिटेक्टरने सापडली, ती कुंपणापलीकडे. शेजाऱ्याच्या रानात, जिथे पाय ठेवायलाही बंदी होती. ही दुसरी तिथलीच, वीतभर अंतरावरची. ही त्याने खिशात घातली आणि म्युझियमला पहिलीच दाखवली. विल्फच्या शेतात मिळाली म्हणाला. विल्फ इतका खूश झाला की त्याने यंदा गहू पेरलाच नाही. खोदा म्हणाला, हवं तेवढं खोदा. खोदून खोदून काही निघालं नाही. उद्या खड्डे बुजवणार होते. म्हातारा बोलेनासा झाला होता. डीनला ते बघवत नव्हतं.

"काय कोरलंय गं अंगठीच्या खड्यावर?" विल्फने विचारलं. "चष्मा घरी राहिला माझा."

"मुंगी आहे. तोंडात गव्हाची ओंबी."

"बघ! रोमन लोकही इथे गहूच काढत होते. आणि पबमधले म्हणतात, विल्फला वेड लागलंय, चांगलं शेत पडीक ठेवलं." तो घराकडे वळला. "थांबा. कुठे जाऊ नका. चहा आणतो सगळ्यांना."

म्युझियमच्या फिलिपाबाईंनी अंगठी भिंगाखाली धरली. बराच वेळ बघितलं. मग डीनला बाजूला घेतलं.

डीनने अंगठी धुतली नव्हती. मुद्दामच. खरी वाटावी म्हणून.

"मुंगीच्या पायांत पिवळी चिकणमाती बसलीय," बाई हळूच म्हणाल्या. "या खड्ड्यात सगळी काळी आहे. पिवळी कुंपणापलीकडे."

डीनची नजर कुंपणाकडे गेली.

"विल्फना तू सांगतोस की मी सांगू?"

"मीच सांगतो. पण आज नको ना."

"आज नाही तर कधी? ते आत्ता घरात जाऊन पेपरच्या बातमीदाराला फोन करतील."

विल्फ आला. हातात ट्रे, कप एकमेकांवर आपटतायत. विद्यार्थी पुढे सरसावले, तसा त्याने ट्रे मागे ओढला.

"हात मागे घ्या रे, हावरटांनो! पहिला कप डीनचा." त्याने कप पुढे केला. "घे लेका. तीन चमचे साखर घातलीय, तुला लागते तशी."