ज्याची किल्ली त्यालाच

“काका, गिअर तपासायच्या मशीनचा कॉम्प्युटर बसला. त्यातलं युनिक्स सॉफ्टवेअर नव्यानं टाकायचंय, पण लायसन्सचा नंबरच नाही. तुम्हीच बसवलं होतं, शहाण्णव साली.” अंबडच्या कारखान्यातला सुनील फोनच्या स्पीकरवर बोलत होता. “कागद मशीनलाच चिकटवला होता. दर खंडेनवमीला पूजा व्हायची. आता त्यावर नुसतं कुंकू वाचता येतं.”

वाल्मीकराव ऐकत होते की नाही, त्यांच्या मुलीला, हर्षालीला, कळेना. सकाळपासून त्यांनी नातीला, सृष्टीला, तीनदा नाव विचारलं होतं. बायको, आशा, जाऊन दोन वर्षं झाली. तरी मध्येच तिला हाक मारत. हर्षालीनं त्यांची चूक दुरुस्त करणं सोडलं होतं. त्याआधी रडणं सोडलं होतं. भावानं, शेखरनं, पुण्यात बसून देवळालीच्या वृद्धाश्रमात खोली ठरवली होती. सोमवारी न्यायचं होतं.

“अण्णांना नका त्रास देऊ,” ती फोनकडे वाकली. “त्यांना आता आठवत नाही.”

तेवढ्यात अण्णांनी डोळे मिटले आणि पाढा म्हणावा तसे सुरू झाले. नऊ आकडे, आठ अक्षरं. तिनं घाईघाईनं वहीत उतरवून घेतलं.

अर्ध्या तासानं सुनीलचा फोन. “ताई, चाललं! काय डोकं आहे काकांचं! अर्ध्या अंबडला यांनी युनिक्स विकलं, आणि आमचाच नंबर नेमका आठवला?”

“ज्याची किल्ली त्यालाच,” अण्णा म्हणाले.

नंबराला ते किल्ली म्हणत. प्रत्येक गिऱ्हाइकाची किल्ली वेगळी, मुंबईहून पक्क्या बिलानं आणलेली, हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. या सचोटीवरच दोन्ही पोरांची लग्नं जमली होती.

हर्षालीनं शेखरला फोन लावला. “दादा, खोली रद्द कर.”

“अगं, परवा मला ‘आपण कोण’ म्हणाले.”

“सहा महिन्यांनी फोन केलास. मीही तेच विचारलं असतं. तीस वर्षांपूर्वीचा नंबर आठवला त्यांना, पन्नासांतला एक! रद्द कर.”

त्यानं केली.

सुनीलनं गावभर सांगितलंच होतं. शनिवारी सिन्नरच्या खोक्यांच्या कारखान्यातून फोन आला. त्यांचंही युनिक्स, त्यांचाही नंबर हरवलेला. पडद्यावर तेवढी रिकामी चौकट उरली होती.

“सांगा अण्णा,” हर्षाली म्हणाली. वही तीच, पान तेच.

अण्णांनी डोळे मिटले. चौथ्या आकड्याला तिचं पेन अडखळलं. सहाव्यानंतर तिनं लिहिणं थांबवलं आणि वरच्या, सुनीलच्या नंबराच्या ओळीवरून नुसतं बोट फिरवत राहिली. बोट शेवटच्या अक्षराशी पोचलं, तिथंच अण्णाही थांबले.

“घेतला, ताई, कॉम्प्युटरनं घेतला नंबर!” पलीकडून आवाज आला. “देवमाणूस आहेत हो!”

तिनं फोन ठेवला. अण्णांनी दाराकडे एकदा बघितलं, तिच्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

“कुणाला सांगू नकोस, आशा.”