हातावरची वाट

न्हाव्याने जिवापाड जपलेली गोगलगाय आजारी पडली. त्याने तिला कोमट पाण्याने शेकलं, काकडीचा काप तोंडाशी धरला. पण तिने मान टाकलीच. शंखासकट त्याने तिला कुंडीत पुरलं.

तेव्हापासून रोज जेवण झालं, की तो डावा हात टेबलावर पसरून बसू लागला.

“अहो, एका गोगलगाईपायी किती जीव जाळाल?” बायको म्हणाली.

“जाळत नाही गं. ती फिरतेय.”

बायकोला भरून आलं. समजूत घालायला तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

त्याच्या कोपराकडून एक चकाकता ओला पट्टा हळूहळू पुढे येत होता. त्यावर काहीच नव्हतं. तो तिच्या करंगळीपाशी थांबला आणि गारेगार लागत वर चढला.

“हलू नकोस,” नवरा हरखून कुजबुजला, “पडेल ती.”