फोरमनच्या ड्रमाचा करंट

“आई गं!” मेव्हणा किंचाळला. हातातला पेला फरशीवर पडला आणि घरंगळत कोपऱ्यात गेला.

“पुन्हा बसला?” फोरमनने विचारलं.

“बसला म्हणजे? पार खांद्यापर्यंत मुंग्या आल्या, भाऊजी! आता काही नको मला. नुसतं पाणी द्या.”

फोरमनने खिन्न होऊन ड्रमाकडे पाहिलं. रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याने घरीच बिअर बनवायला घेतली होती. मागच्या खोलीत एक स्टीलचा ड्रम, तो थंड ठेवायला जुन्या फ्रिजची मोटर, पुढे एक पितळी नळ. सगळं स्वतःच्या हातचं. नियम एकच होता. ज्याने त्याने आपला पेला आपल्या हाताने भरायचा. पण नळाला हात लावला की पाहुणा किंचाळायचा आणि पेला रिकामाच राहायचा. गल्लीतल्या शिंप्याला झटका बसला. शेजारच्या मावशींना बसला. बायकोला तर नुसतं फडकं मारताना बसला.

उपाय करण्यात फोरमनने कसर ठेवली नव्हती. पाहुण्यांसाठी रबरी चपला आणल्या, तरी झटका. चपलांखाली लाकडी फळी टाकली, तरी झटका. शेवटी कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे आणले. शिंपी ते चढवून नळापाशी गेला आणि आधीपेक्षा मोठ्याने ओरडला. फोरमनला स्वतःला मात्र त्या नळाने कधी साधी झिणझिणीही आणली नव्हती.

आज त्याने वायरमनला बोलावलं होतं. भंगारवाल्यालाही बोलावलं होतं, आणि तो फाटकाशी हातगाडी लावून उभा होता.

“माझ्या हौसेपायी कुणाचा जीव जायला नको,” फोरमन म्हणाला. “झटका थांबला तर ठीक. नाहीतर आजच ड्रम गाडीवर.” बोलताना तो ड्रमावर हलकेच हात ठेवून होता, जणू ड्रमालाच ताप आला होता.

वायरमन हट्टी माणूस. दोष सापडल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे आणि नसलेला दोष कधी दाखवत नसे. त्याने मोटर उघडली, वायर बोटांनी चाचपली. नळाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मीटर लावला. काटा जागचा हलला नाही. मग त्याने अर्थिंगची हिरवी तार पाहिली. वीज कुठे गळलीच, तर माणसाच्या अंगातून न जाता तिने सरळ जमिनीत उतरावं म्हणून ही तार असते. इथे ती जाड होती, घट्ट होती, शाळेतल्या मुलांना नेऊन दाखवावी इतकी नीट बसवलेली होती.

वायरमनने डोकं खाजवलं.

“काका, जरा धुतलेले पेले आणा बरं,” तो म्हणाला. फोरमन लगबगीने स्वयंपाकघरात गेला. वायरमनने भिंतीतला मोटरचा प्लग उपसून हातात घेतला. मेव्हण्याची तिकडे पाठ होती.

“पाहुणे, नळाला एकदा हात लावा.”

मेव्हण्याने एक बोट टेकवलं. “आई गं! मेलो!”

वायरमनने प्लग त्याच्या नाकासमोर धरला. मेव्हण्याने प्लगकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. तिने कपाळावर हात मारून घेतला.

“ओरडायचं तेवढं काम होतं तुला. तेही धड जमलं नाही!”

“ताई, पण मला काय माहीत, हा माणूस...”

“गप बस.” ती वायरमनकडे वळली. “पहिल्या दिवशी याला झटका खरंच बसला होता. यांनी लगेच ती तार लावली आणि तो थांबला. मग सगळ्यांनी चव घेतली हो! रंगाच्या वासाने यांचं नाक केव्हाच कामातून गेलंय, यांना काही कळत नाही. सांगणार कोण? आधी दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे. आता शीळ घालत ड्रम पुसतात.”

“ते असेल, काकू,” वायरमन म्हणाला. “पण नसलेला दोष आहे असं मी म्हणणार नाही. उभ्या जन्मात म्हटलं नाही.”

एवढ्यात फोरमन पेले घेऊन आला. वायरमनने प्लग पाठीमागे लपवला.

“काय, सापडलं काही?”

“काका, तुमच्या ड्रमात काडीचाही दोष नाही.”

फोरमनचा चेहरा उजळला. “म्हणजे आता सगळ्यांना पिता येईल! पहिला मान तुमचा. आज नियम मोडतो, मीच भरून देतो.” त्याने काठोकाठ पेला भरून वायरमनच्या हातात दिला.

मेव्हण्याने डोळे मिटून घेतले. वायरमनने मोठा घोट घेतला.

ओलं गोणपाट, गंजका खिळा आणि करपलेलं दूध एकदमच जिभेवर आलं. घोट घशाशी थांबला, विचार करत राहिला आणि मग नाइलाजाने खाली उतरला. वायरमनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

“एवढी आवडली?” फोरमन निकालाची वाट पाहणाऱ्या पोरासारखा त्याच्या तोंडाकडे बघत होता. “संपवा, संपवा! आणि दुसरा पेला आता तुमच्या हाताने घ्या, लाजायचं नाही.”

बाहेर भंगारवाल्याने हाक दिली. वायरमनने पेला खाली ठेवला, पाठीमागचा प्लग घट्ट धरला आणि दुसरा हात नळाला लावला.

“अगागागा! मेलो, मेलो! काका, सापडला दोष! ड्रम मुळीच विकू नका, हा करंट मालकाला ओळखतो. तुम्ही खुशाल पीत जा, पण दुसऱ्या कुणाला जन्मात हात लावू देऊ नका!”