चारला येणारा मित्र

“ताई सकाळपासून आरशासमोरून हलत नाहीयेत. भाजी मीच चिरायची का?” वहिनी नवऱ्याच्या कानाशी कुरकुरली.

घरात माणसं तिघंच. एकट्या पडलेल्या नणंदेला बोलायला कोणी मिळावं म्हणून त्यानं मैत्रीचं ओपन सोर्स ॲप, म्हणजे कोणालाही फुकट घेऊन चालवता येणारं, घरच्याच कॉम्प्युटरवर बसवलं होतं. ते बाहेरच्या जगाशी जोडायचं राहूनच गेलं; त्यावर घरातल्यांशिवाय कोणी लिहूच शकत नव्हतं. तरी आठवड्याभरात तिला मित्र मिळाला. “आज तुझा खोकला कमी वाटला,” असं काहीबाही लिहायचा. नणंद पुन्हा पोटभर जेवू लागली, म्हणून लिहितं कोण, हा विषय कोणी काढला नाही.

आज चारला तो भेटायला येणार होता. पावणेचार झाले.

“अहो, आता तरी सांगा त्यांना, तुम्हीच लिहिता म्हणून. वाट बघून हाय खातील हो.”

नवऱ्यानं दार लोटून घेतलं.

“मी नाही लिहीत. मला वाटलं, तू लिहितेस.”